प्रवास, तीर्थयात्रा आणि फ्लू : एक व्यवहारी विचार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी माझ्या आधीच्या वक्त्यांनी ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव केला. मला संयोजकांनी 'प्रवासातील आरोग्य' हा विषय दिला आहे. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेला एक व्यापारी आहे. खरेदीसाठी सुरत, अहमदाबाद, इचलकरंजी, भिवंडी अशा पेठांत आयुष्यभर फिरलो, आणि ट्रस्टच्या व नातेवाइकांच्या अनेक यात्रांत सहभागी झालो. तेव्हा प्रवाशाच्या नात्याने जे पाहिले, वाचले आणि जाणकार डॉक्टरांना विचारून पक्के करून घेतले, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहे. विषय मोठा असल्याने त्यातील एकच आजार मी निवडला आहे. तो म्हणजे इन्फ्ल्युएन्झा, अर्थात फ्लू.

हा आजार निवडण्याचे कारण असे की, त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे आणि त्याला घाबरत मात्र कोणी नाही. यात्रेला निघताना आपण पाणी उकळून, गाळून घेतो. बाहेरचे अन्न वर्ज्य करतो. जुलाब, उलटी, पित्त यांच्या गोळ्या डब्यात भरतो. परंतु फ्लू पाण्यातून येत नाही, अन्नातूनही येत नाही. तो शेजारच्या माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून, शिंकेतून आणि त्याचा हात लागलेल्या दांड्यावरून येतो. म्हणजे ज्या वाटेवर आपला पहारा आहे त्या वाटेने तो येतच नाही.

सर्दी-पडसे आणि फ्लू यांत आपण गल्लत करतो. पडसे हळूहळू येते आणि नाकापुरते राहते. फ्लू बहुधा एकाएकी येतो. ताप, अंगदुखी, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि अंगातले त्राण गेल्यासारखा थकवा ही त्याची लक्षणे. बहुतेक निरोगी माणसे आठवडाभरात बरी होतात, हे खरे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की, जगात दरवर्षी सुमारे १०० कोटी लोकांना हंगामी फ्लू होतो, त्यांपैकी ३० ते ५० लाख लोक गंभीर आजारी होतात आणि २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख लोक श्वसनाच्या गुंतागुंतीने दगावतात. पासष्टीच्या पुढील वृद्ध, पाच वर्षांखालील बालके, गर्भवती भगिनी आणि मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना धोका अधिक. आपल्या कोणत्याही यात्रेची यादी काढून पाहा. निम्मी नावे या वर्गातली निघतील.

या आजाराचा आणि प्रवासाचा संबंध किती जुना आहे, हे इतिहासात स्पष्ट दिसते. १९१८ च्या जून महिन्यात मुंबईतील सात पोलीस शिपाई हिवतापाहून वेगळ्या अशा तापाने पोलीस रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एक गोदीवर नेमणुकीस होता. पहिले महायुद्ध चालू होते आणि सैन्याची जहाजे बंदरात येत होती. मुंबईतून हा ताप रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेला. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट भयंकर ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आपल्या महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत या साथीला 'मानमोडी' म्हणत. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले, आणि काही अभ्यासक हा आकडा पावणेदोन कोटींपर्यंत नेतात. १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्यामागे ही साथ हे प्रमुख कारण होते.

पुढे मे १९५७ मध्ये आशियाई फ्लू सिंगापूरहून मद्रास बंदरात आलेल्या जहाजातून भारतात आला. २००९ साली स्वाइन फ्लूचा भारतातील पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादेत आढळला, तो अमेरिकेहून विमानाने आलेला प्रवासी होता. त्याच वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतील तो देशातील पहिला मृत्यू होय. त्यानंतर पुण्यात शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे रस्त्यात दिसू लागली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आधी जहाज, मग रेल्वे, मग विमान. वाहन बदलत गेले, वेग वाढत गेला. आजार मात्र दरवेळी प्रवाशाच्याच सोबतीने आला.

बंद वाहनात हा आजार किती झपाट्याने पसरतो, याचे एक उदाहरण वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९७७ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील अलास्का येथे ५४ माणसे असलेले एक विमान इंजिनातील बिघाडामुळे सुमारे तीन तास धावपट्टीवर खोळंबले. बहुतेक प्रवासी आतच बसून राहिले. हवा खेळती ठेवणारी यंत्रणा त्या वेळी बंद होती. एका प्रवाशाला फ्लू झालेला होता. पुढील ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले, आणि जो जितका अधिक वेळ आत बसला, तितकी त्याला बाधा होण्याची शक्यता अधिक दिसून आली. या उदाहरणावरून विमान वाईट असा अर्थ काढू नये. आजच्या विमानांत यंत्रणा चालू असताना हवा सतत बदलली व गाळली जाते. अर्थ एवढाच की, दोष कोंडलेल्या हवेचा आहे. आता आपली वातानुकूलित बस डोळ्यांपुढे आणा. काचा बंद, पडदे ओढलेले, रात्रीचा बारा तासांचा प्रवास आणि मागच्या रांगेत एकाला खोकला. अलास्कातील ते विमान आणि आपली ही बस यांत फारसे अंतर नाही.

यात आणखी एक अडचण आहे. फ्लूची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस, बहुधा दोन दिवस जातात. लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून तो माणूस इतरांना आजार देऊ शकतो, आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. म्हणजे निघताना ठणठणीत असलेला माणूस दुसऱ्या दिवशी तापाने फणफणू शकतो. यात कोणाचाही दोष नाही. परंतु निघतानाच ताप असलेला माणूस बसमध्ये चढला, तर तो प्रश्न वेगळा होतो. त्याकडे मी पुढे येणार आहे.

आता हंगामाचा विचार करू. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात असतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे तो साधारणतः एप्रिल-मेपासून सप्टेंबरपर्यंत असतो. उष्ण कटिबंधातील देशांत तो वर्षभर थोडाफार आढळतो. आपल्याकडे त्याचे दोन भर दिसतात, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात व त्यानंतर. हे वेळापत्रक आपल्या पंचांगाशी ताडून पाहा. नव्वाणू यात्रा हिवाळ्यात. फाल्गुन शुद्ध तेरशीची छ गाऊची यात्रा, जेव्हा पालिताण्यात पाय ठेवायला जागा नसते, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. चातुर्मासात साधू-साध्वी भगवंत एका जागी स्थिर असतात आणि आपण श्रावक मात्र बसगाड्या करून गावोगावी दर्शनाला जातो, तेही नेमके पावसाळ्यात. फ्लूचे दोन्ही हंगाम आपल्या यात्रांचे हंगाम आहेत. मुलाबाळांकडे परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांनीही तिकडचा हंगाम कोणता, हे तिकीट काढतानाच विचारात घ्यावे.

२०१५ साली जानेवारी ते मार्च या काळात देशात स्वाइन फ्लूचा मोठा उद्रेक झाला. त्या वर्षी सरकारी नोंदीनुसार सुमारे साडेबेचाळीस हजार रुग्ण आढळले आणि जवळजवळ तीन हजार माणसे मृत्युमुखी पडली. गुजरात आणि राजस्थान या राज्यांना मोठी झळ बसली. त्याच फेब्रुवारीत काही कुटुंबांनी मिळून काढलेल्या एका खासगी यात्रेत मी होतो. बसमध्ये आम्ही ४६ जण होतो. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ गृहस्थांना ताप असल्याचे लक्षात आले. विचारपूस केली तेव्हा कळले की, निघण्याच्या आदल्या रात्रीपासूनच अंग गरम होते. ते म्हणाले, "पैसे भरलेले होते, आणि माझ्यामुळे सर्वांची यात्रा मोडेल म्हणून बोललो नाही." परतेपर्यंत नऊ जण आजारी पडले. आठ जण बरे झाले. आमच्या पेठेतील एक काकी, वय एकाहत्तर, मधुमेहाच्या रुग्ण, फुफ्फुसांच्या दाहाने अकराव्या दिवशी गेल्या. कोणाचा ताप कोणाला लागला याचा हिशेब कोणी मांडला नाही, आणि मांडूही नये. गर्दीच्या धर्मशाळेतही बाधा झाली असेल. परंतु ते गृहस्थ त्यानंतर कोणत्याही यात्रेला आले नाहीत. आले असते तर कोणी त्यांना बोल लावला नसता, हे आम्ही सर्व जाणून होतो. तेही जाणून होते.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. ते गृहस्थ स्वार्थी नव्हते. उलट, दुसऱ्याची अडचण होऊ नये म्हणूनच ते गप्प राहिले. त्यांना गप्प बसवणाऱ्या गोष्टी दोन होत्या. भरलेले पैसे बुडतील ही एक, आणि संकोच ही दुसरी. संकोच दूर करण्यास काळ लागेल. पैशाचा प्रश्न मात्र आपण आजच्या आज सोडवू शकतो, कारण तो आपल्या व्यापारी समाजाच्या हातचा आहे. आपण दुकानात माल परत घेण्याची हमी देतो, तेव्हा ग्राहक निर्धास्त होतो आणि प्रत्यक्षात फार थोडा माल परत येतो. हाच न्याय यात्रेला लावावा. उदाहरणादाखल, ५० प्रवाशांची यात्रा आहे आणि माणशी शुल्क ४,००० रुपये आहे असे धरा. प्रत्येकाकडून २५० रुपये अधिक घेतले तर १२,५०० रुपये जमतात. त्यातून आयत्या वेळी आजारी पडलेल्या तीन जणांचे १२,००० रुपये पूर्ण परत करता येतात. कोणी आजारी पडले नाही तर ती रक्कम पुढील यात्रेच्या निधीत राहील. एका प्रवाशामागे २५० रुपये! यात्रेतील एका वेळच्या साधर्मिक भक्तीलाही याहून अधिक खर्च येतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना ही की, निघण्याच्या सकाळीदेखील ज्याला ताप किंवा खोकला असेल त्याचे पूर्ण पैसे, एक रुपयाही न कापता आणि कोणतेही प्रमाणपत्र न मागता परत द्यावेत, आणि पुढील यात्रेत त्याचे नाव सर्वप्रथम घ्यावे. हा नियम पावतीवर ठळक छापावा.

दुसरी सूचना. बसमध्ये चढण्यापूर्वी प्रत्येकाला तापाबद्दल विचारण्याची पद्धत ठेवावी. विश्वस्तांपासून सुरुवात केली म्हणजे कोणाला वाईट वाटणार नाही. तिसरी, प्रत्येक मुक्कामी धर्मशाळेत एक-दोन खोल्या राखून ठेवाव्यात, म्हणजे वाटेत कोणी आजारी पडल्यास त्याची वेगळी सोय होईल. चौथी, बस दर दोन-तीन तासांनी थांबवून दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि शक्य तेथे खिडक्या थोड्या उघड्याच ठेवाव्यात. पाचवी, यात्रेच्या पेटीत थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, मास्क, पॅरासिटामॉल आणि वाटेवरील रुग्णालयांचे फोन क्रमांक असावेत. प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात त्याचे आजार, चालू औषधे आणि घरचा क्रमांक लिहिलेले कार्ड असावे. मास्क आपल्याला २०२० पासून चांगलाच परिचयाचा झाला आहे. कोरोनाच्या त्या काळात तोंड झाकणे, अंतर राखणे आणि प्रवास थांबणे यांमुळे जगभर फ्लूचे रुग्ण अगदी नगण्य झाले होते. फ्लूच्या बी प्रकारातील यामागाता हा एक वंश तर मार्च २०२० नंतर खात्रीलायकरीत्या आढळलेलाच नाही. म्हणजे या साध्या उपायांत ताकद आहे, हे सिद्ध झालेले आहे.

आजारी पडल्यास काय करावे? विश्रांती आणि भरपूर पातळ पदार्थ. ही विषाणूची बाधा असल्याने त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. फ्लूवरील ओसेल्टामिविर हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे लागते आणि लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास त्याचा लाभ अधिक होतो. म्हणून ज्येष्ठांनी 'दोन दिवस वाट पाहू' असे म्हणू नये. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. श्वास लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी किंवा भ्रम, लघवी कमी होणे, आणि ताप उतरून पुन्हा चढणे ही धोक्याची लक्षणे होत. यांपैकी एकही दिसले तर यात्रा तेथेच थांबवून रुग्णालय गाठावे. वृद्धांना कित्येकदा फारसा ताप येतच नाही. नुसती अशक्तता किंवा असंबद्ध बोलणे एवढेच दिसते, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि तापातून उठल्याबरोबर डोंगर चढू नये. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले. सम्मेदशिखरजीची २७ किलोमीटरची वाट किंवा शत्रुंजयाच्या तीन हजारांवर पायऱ्या, या परीक्षा अशा वेळी देण्याच्या नाहीत. तळहटीवर बसून केलेली भावयात्रा आपल्या परंपरेला मान्य आहे.

आता लसीचा प्रश्न. तो आपल्या समाजात हमखास विचारला जातो, म्हणून त्याला बगल देणे योग्य होणार नाही. फ्लूची लस बहुतांशी कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवून, नंतर तो निष्क्रिय करून तयार केली जाते. पेशींवर किंवा अन्य आधुनिक पद्धतीने केलेल्या लसीही जगात आहेत. परंतु त्याही पूर्णतः प्राणिजन्य घटकांविना होतात असे नाही. ही वस्तुस्थिती कोणी लपवू नये. दुसऱ्या बाजूची वस्तुस्थितीही तितकीच खरी. विषाणू दरवर्षी रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीतील घटकांची शिफारस करते. लस विषाणूशी जुळलेली असेल त्या वर्षी ती आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते, आणि बाधा झालीच तर गंभीर आजार टळण्याची शक्यता वाढवते. तिचे संरक्षण मिळण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून ती यात्रेच्या पंधरा दिवस तरी आधी घ्यावी लागते. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना सौदी अरेबियाचे आरोग्य खाते ही लस घेण्याची शिफारस करते, यावरून मोठ्या यात्रा आणि फ्लू यांचा संबंध जगाने किती गांभीर्याने घेतला आहे, ते दिसते.

मी स्वतः साठी ओलांडल्यापासून ही लस दरवर्षी घेतो. माझ्या घरातील एक ज्येष्ठ व्यक्ती ती घेत नाही. आमच्यात यावरून वाद नाही. माझ्या मनाचे समाधान असे की, माझ्या खोकल्याने एखाद्या दुर्बल जीवाला अपाय होण्याची शक्यता मी कमी करतो. त्यांच्या मनाचे समाधान वेगळे आहे आणि त्याचा मी आदर करतो. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना आणि आपल्या गुरुभगवंतांना विचारून निर्णय घ्यावा. मात्र जो लस घेणार नाही त्याने उरलेले सर्व नियम अधिक काटेकोर पाळावेत. श्रद्धेचे मोल स्वतः द्यायचे असते, शेजारच्या आसनावरील माणसाकडून वसूल करायचे नसते.

व्रतांविषयीही दोन शब्द. तापात शरीरातील पाणी घटते. अशा स्थितीत तपश्चर्या आणि चौविहार यांविषयी मोठा पेच पडतो, विशेषतः वृद्ध श्राविकांना. आपल्या पच्चक्खाणाच्या सूत्रांतच आगार म्हणजे सवलती सांगितलेल्या आहेत आणि असह्य व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याचा आगार त्यांत आहे. पूर्वाचार्यांनी आजारी माणसाचा विचार आपल्याही आधी करून ठेवला आहे. तेव्हा मनाने निर्णय न घेता महाराजसाहेबांना विचारावे.

शेवटचा मुद्दा साधू-साध्वी भगवंतांचा. ते पायी विहार करतात, ऋतूचा कडाका सोसतात, मिळेल तो शुद्ध आहार घेतात आणि उपचारही मर्यादेत राहूनच स्वीकारतात. त्यांच्यापैकी कित्येकांचे वय मोठे आहे. उपाश्रयात दिवसभरात शेकडो श्रावक वंदनाला येतात. त्यांतील एकाने जरी तापाच्या अंगाने जवळ बसून सुखशाता विचारली, तरी तीच सुखशाता आपण हिरावून घेतली असे होईल. अंगात ताप असेल त्या दिवशी घरूनच वंदन करावे. वैयावच्च म्हणजे केवळ जवळ जाणे नव्हे. प्रसंगी दूर राहणे हीदेखील वैयावच्चच आहे.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत हजारो माणसांना तीर्थदर्शन घडवले. पुढील पन्नास वर्षांत याहून अधिक घडवील यात शंका नाही. मी सुचवलेल्या गोष्टींना मोठा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. परताव्याचा एक नियम, राखीव दोन खोल्या, औषधांची एक पेटी आणि निघताना न संकोचता विचारलेला एक प्रश्न, एवढेच लागते. विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत यावर ठराव करावा आणि पुढील यात्रेच्या पावतीवर तो नियम छापलेला दिसावा, अशी नम्र विनंती करतो. त्या नियमामुळे एखादा वृद्ध गृहस्थ निघण्याच्या सकाळी निःसंकोचपणे म्हणू शकला की, "मला ताप आहे, मी या वेळी येत नाही," तर ती यात्रा त्याच्यावाचूनही सफल झाली असे मी मानीन.